आमचं निशाण, धामणखोऱ्यात

आमच्या पळसवाडीच्या चैत्रातल्या जत्रेत देवीच्या पालखीपुढे दोन काठ्या चालतात. एकीला देवीचं निशाण असतं, दुसरी गावाची, ती रिकामी. नवा जावई किंवा शहरातला पाहुणा हमखास विचारतो, हिचं फडकं घरी विसरलात की काय. मग पालखीवाले त्याच्याकडे असं बघतात की बिचाऱ्याला प्रसादसुद्धा गोड लागत नाही.

शहापूरहून शेणव्याच्या अंगाला गेलं की आमची वाडी लागते. माझं माहेर ते. सासर वाशिंदचं, पण जत्रेला मी पळसवाडीचीच. तर त्या रिकाम्या काठीची गोष्ट आम्हाला लहानपणापासून पाठ. पेशवाईच्या दिवसांत कुणी मोठे काका-पुतणे गादीसाठी भांडले. भांडण त्यांच्या घरातलं, पण गावं वाटली गेली आमच्याकडची. पळसवाडी काकाकडून, काळू नदीपलीकडचं धामणखोरं पुतण्याकडून. दोन्ही गावं एका कुळाची, एका देवीची. नदीच्या उतारावर गाठ पडली. आमची माणसं पडली आणि निशाण त्यांनी नेलं. काका-पुतण्यांचं पुढे काय झालं ते आमच्याकडे कुणालाच ठाऊक नाही. मेले असतील बिचारे आपापल्या पलंगावर. पण आम्ही मात्र धामणखोऱ्याला पोर दिली नाही, त्यांची केली नाही, आणि तिकडून जायचा प्रसंग आला तर त्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलो नाही.

माझी धाकटी बहीण भागी मात्र तिकडे गेली.

त्या काळी आमच्याकडचं गवत दाबून, गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. वखारीवर हंगामाला परगावची माणसं यायची, त्यात धामणखोऱ्याचा एक जण होता. भागी अठरा वर्षांची. एका पहाटे गेली, आणि जाताना माझं लुगडं नेसून गेली. जांभळं, पिवळ्या काठाचं. माझ्या पहिल्या दिवाळसणाला दादाने घेतलेलं. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते. दादा आमचा थोरला भाऊ, वडील नव्हते म्हणून घरचा कर्ता तोच. तो एवढंच म्हणाला की ज्या गावात आपलं निशाण खाली डोकं करून ठेवतात तिथे गेली ती मेली. त्या दिवसापासून भागीचं नाव घरात घेता येईना. लुगड्याचं घेता येत होतं. म्हणून मी वर्षानुवर्षं लुगड्यावरूनच बोलत राहिले.

आणि आता माझ्या जिभेची गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचा प्रवास कळायचा नाही.

भागी गेल्याला बारा-तेरा वर्षं झाली असतील. वाशिंदला माझ्या ओटीवर कासारीण आली. बांगड्या भरणारी बाई म्हणजे चालतं-बोलतं टपाल. ती मुरबाडच्या बाजूनेही फिरायची. माझा हात हातात धरून, बांगडी चढवता चढवता तिने हळूच निरोप सांगितला: "भागीनं सांगितलंय, पळसवाडीच्या निशानाला ठिगल लावायचं हाय. कापड पळसवाडीचंच लागतं. हातभर दे म्हंते."

ओटीवर आळीतल्या चार बाया होत्या. बायका जमल्या की माझी जीभ घोड्यावर बसते, हा माझा जुना रोग. मी म्हटलं, "निशाण नेलं, पोर नेली, लुगडं नेलं. आता वर कापड? का गो, तुमच्या गावात कापड पिकत नाय का?"

बाया खो खो हसल्या. कासारीणही हसली. बांगड्या भरून, पेटी उचलून गेली. आत माझ्या ट्रंकेत दादाने दर भाऊबीजेला दिलेले खण घडीवर घडी पडून होते. त्यांतला एक काढून द्यायला मला उठावंसुद्धा लागलं नसतं, लेकीला हाक मारली असती तरी पुरे. पुन्हा भागीचा निरोप कधी आला नाही.

निघाले ती

सत्याण्णव-अठ्ठ्याण्णवचं साल. मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं शहापूरच्या वाचनालयाने शिकवलं. तिथे एक निवृत्त सर बसायचे. त्याच काका-पुतण्यांच्या भांडणात कोणकोणत्या गावाची निशाणं कुणी नेली, त्यांतली आज किती उरलीत, याची ते यादी करत होते. गुडघे गेले होते त्यांचे, त्यामुळे फिरायला माणूस हवं होतं. मी रिकामी होते आणि मला बोलायला आवडतं. सर म्हणाले की या कामाला तेच लागतं. "ज्यांनी निशाण घालवलं ते विसरत नाहीत, आणि ज्यांनी नेलं ते दाखवत नाहीत. तुम्ही ओटीवर बसलात की दाखवतील." त्यांनी मला एक वही आखून दिली. लांबी, रुंदी, रंग, काठ, भोकं किती, ठिगळं किती, कुणाकडे असतं. आणि एक मापायची फीत.

त्यांच्या यादीत मुरबाडकडची दोन गावं होती. पहिलं वेळुंड. दुसरं धामणखोरं.

हे मी दादाच्या कानावर घातलं. दादा तेव्हा ऐंशीच्या घरात, डोळ्यांनी अधू. खाटेवर उठून बसला. म्हणाला, एकदा ती काठी भरलेली बघायची आहे. बघायची म्हणजे हात लावायचा. मला एक नारळ दिला. मागायचं नाही, भांडायचं नाही, म्हातारा वाट बघतोय एवढं सांगायचं. मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाला, "तिच्या दारात जाऊ नको."

मी हो म्हटलं. खरं सांगते, मी निघाले ती निशाणासाठी नाहीच. भागी साठीच्या आत-बाहेर असेल, दात पडले असतील, पण माझ्यावर चिडायला तेवढे पुरतात. तिने चिडावं आणि मी ऐकून घ्यावं, म्हणून निघाले. नारळ दादाचा होता. पिशवीच्या तळाशी मी माझा एक खण ठेवला होता.

वेळुंड

नवरात्रातल्या अष्टमीला सकाळी शहापूरहून एसटी धरली. शेणवा, किन्हवली, सरळगाव. भातं पिकून वाकली होती आणि हळवं भात तर काही ठिकाणी कापून आडवं पडलेलं. ज्यांनी हा रस्ता पाहिलेला नाही त्यांना काय सांगू. आमच्या बाजूला माहुलीचे सुळके असे एकटे उभे राहतात, रुसलेल्या माणसासारखे. मुरबाडकडे तसं नाही. तिकडे सह्याद्रीची अख्खी भिंतच समोर येते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि सगळी गावं तिच्या पायाशी मुलांसारखी बसलेली.

सरळगावला उतरून काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसले. मांडीवर माझी पिशवी, पिशवीवर शेजारणीची कोंबडी. वेळुंडला उतरल्यावर कळलं की सरांची मापायची फीत एसटीतच राहिली. वहीत मापं लिहायची कशी? मग मी ठरवलं, आपली वीत आणि आपला हात. बायकांनी जन्मभर धान्य मुठीने आणि कापड हाताने मापलं, कुणाचं काही अडलं नाही.

वेळुंडचा म्हातारा पाटील मोठा प्रेमळ. कोरा चहा दिला. आमच्याकडे पाहुण्याला कोरा चहा दिला तर सून बोलणी खाईल. तिकडे दूध घातलं तर म्हणे चहाची चव जाते. मी दोन कप प्यायले. काकडीची भाकरी खाल्ली, गुळाची. निशाणाचं विचारलं तर आधी म्हणाला नाही, मग म्हणाला होतं, मग तिसऱ्या पानाला उठला आणि देवळातला पेटारा उघडायला चालू लागला. माझी बडबड अशी कधीमधी उपयोगी पडते.

पेटाऱ्यात काय होतं? काठीच्या टोकाचं एक पितळी पातं, आणि उंदरांच्या लेंड्या. कापडाचा धागा म्हणून नाही.

मी विचारलं, कुणी शिवलं नाही का कधी? म्हातारा चमकला. म्हणाला, "शिवनार कोन? जितलेल्या निशानाला आपली सुई लावायची नाय. हरलेल्याला एकदा भोसकलं तेवढं पुरं. परत टोचायचं म्हंजे पाप."

"मग कुणी शिवायचं?"

"ज्यांचं त्यांनी. कापड त्यांचं, हात त्यांचा. पन ते कशाला येतात?"

मी वहीत लिहिलं: लांबी नाही, रुंदी नाही, ठिगळं नाहीत. पेन्सिल हातात तशीच राहिली. कापड पळसवाडीचंच लागतं, असा निरोप होता. तेव्हा मला वाटलं होतं की भागीला माहेरचं काहीतरी हवंय आणि मागायची लाज वाटते म्हणून निशाणाचं नाव पुढे केलंय. म्हणून तर तसं बोलले. वेळुंडच्या त्या पायरीवर बसून मला तीस वर्षांनी कळलं की तिने जे हवं होतं तेच मागितलं होतं. आमचं निशाण जिवंत ठेवायला तिला हातभर कापड पाहिजे होतं.

त्या दिवशी पाटलाच्या सुनेने वालाचं बिरडं केलं होतं. एवढं मऊ बिरडं मी आयुष्यात खाल्लं नाही आणि त्याची चव मला आठवत नाही.

धामणखोरं

नवमीला दुपारी धामणखोऱ्याला पोचले. जीप रस्त्यावर सोडते, आत दीड मैल शेताच्या बांधावरून चालायचं. बांधावर पाय घसरला आणि मी बसले ती थेट कुणाच्या तरी पिकल्या भातात. लुगडं चिखलाचं. माहेरच्या वैऱ्याच्या गावात शिरायचं ते असं, मागून चिखल आणि केसात भाताचं लोंबर.

वेशीवरच विहीर. एक सून पाणी ओढत होती. माझं ध्यान बघून तिने काही विचारायच्या आधी घडा माझ्या पायांवर ओतला आणि दुसरा तांब्या प्यायला दिला. आमच्या गावाने दोनशे वर्षं न प्यायलेलं पाणी मी उभ्या उभ्या प्यायले. गोड होतं. आमच्यापेक्षा गोड, हे दादाला सांगितलं नाही.

"कुठल्या गो तुमी?"

"वाशिंदच्या." ते खोटं नव्हतं. "निशाण बघायला आलेय. सरांनी पाठवलंय, यादी करतात."

"निशान आमच्याच घरी," ती म्हणाली. "चला."

तिचं नाव सुमन. घर नीटनेटकं, शेणाने सारवलेलं, दारावर झेंडूचं तोरण. आत शिरले आणि समोरच्या भिंतीवर भागी. फोटो. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि फोटोला हार. मी ओळखलं म्हणून. नाहीतर ती आमची आईच वाटली असती.

"सासू माझी," सुमन म्हणाली. "दोन वर्सं झाली जाऊन."

मी पाय पुसत राहिले. पुसून कोरडे झाल्यावरही पुसत होते. तेव्हा सांगायला हवं होतं मी कोण ते. जी बाई एसटीत अनोळखी माणसाला सुनेचं बाळंतपण सांगते तिला चार शब्द जुळवता आले नाहीत. दोन वर्षांपूर्वी मी याच दिवसांत काय करत होते तेवढंच आठवायचा प्रयत्न करत होते. पापड लाटत असेन, दुसरं काय.

संध्याकाळी तिचा नवरा आला, महादू. भागीचा मुलगा. चाळिशीचा, शांत, वडिलांवर गेलेला असावा, कारण आमच्या घरात इतकं कमी कुणी बोलत नाही. हत्यारांची पूजा झाली, कोयता, विळे, नांगराचा फाळ, आणि जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, चवळीची उसळ, अळूच्या वड्या. सुमन आग्रहाची. मी विचारत होते, निशाण घरी कसं, देवळात का नाही. महादू म्हणाला की देवळातच होतं, पण आई शिवायची म्हणून घरी आलं, ते घरीच राहिलं. गावात दुसरं कुणी सुई लावणारं नव्हतं. ती त्या गावची होती ना, म्हणून तिला चालायचं.

महादूचं जेवण आधी आटपलं. त्याने हात धुतले आणि बायकोकडे पंचा मागितला.

सुमन हसत म्हणाली, "का गो, तुमच्या गावात कापड पिकत नाय का?"

महादू हसला. आत चुलीपाशी बसलेली शेजारीण हसली. माझा घास ताटात राहिला.

मी विचारलं हे काय. सुमन म्हणाली की हे त्यांच्या घरातलं बोलणं आहे, आणि आता तर गावातलंही. कुणी काहीही मागितलं, मीठ म्हणा, विळा म्हणा, की पहिलं हे ऐकवायचं आणि मग द्यायचं. सासूबाईंचं होतं ते. त्यांच्या बहिणीनं कधी सांगून पाठवलं होतं म्हणे. सासूबाई ते बोलायच्या अगदी हात नाचवून, बहिणीचा आवाज काढून, आणि स्वतःच हसायच्या.

"हसायची?" मी विचारलं.

"लय हसायची. म्हनायची, माझ्या बाईची जीभ बघा, नदी वलांडून आली."

भागी मला बाईच म्हणायची. मी ताटाला नमस्कार केला आणि उठले. पोट भरलं म्हणून सांगितलं.

दसरा

सकाळी महादूने कोनाड्यातून लाकडी पेटी काढली. ओटीवर कांबळं अंथरलं, त्यावर पांढरं धोतर, त्यावर निशाण. गावचे पाटील आणि दोन-चार माणसं येऊन बसली. जिंकलेलं निशाण दसऱ्याला उघडतात, उन्हाला दाखवतात, आपल्या निशाणाच्या डाव्या हाताला टोक खाली करून ठेवतात आणि सोनं वाटून झालं की परत पेटीत. लहानपणी मला वाटायचं की तिकडे ते पायाखाली घालत असतील. इथे तर कुणी त्याच्याकडे पाठसुद्धा करत नव्हतं.

मी वही काढली. लांबी, माझे पाच हात. रुंदी, टोकाकडे निमुळती, बुडाशी दोन हात. रंग लिहायला गेले आणि थांबले. मूळचं भगवं म्हणावं असं मधोमध तळहाताएवढं उरलं होतं, तेही कोळ्याच्या जाळ्यासारखं विरलेलं. त्याच्याभोवती सगळी ठिगळं. आधी बारीक बारीक, चोळीची, पोलक्याची, कुठल्या तरी झबल्याची. ती तिने जाताना गाठोड्यात नेलेली असतील. मग एकाएकी मोठाली. जांभळी. आणि कडेने पिवळा काठ, नीट दुमडून, काठीच्या बाजूला लावलेला.

मी ठिगळं मोजत होते. एकवीसपर्यंत आले. बाविसाव्या जांभळ्या तुकड्यावर, एका कोपऱ्यात, निळ्या दोऱ्याने केलेलं रफू होतं. बोराएवढं. चुलीचा निखारा उडून माझं नवं लुगडं जळलं होतं, दिवाळसणाच्याच दिवशी. घरात जांभळा दोरा नव्हता म्हणून मी निळ्याने रफू केलं होतं. सासू चार दिवस हसत होती त्या रफूला. त्यावर बोट ठेवलं. हातभर कापड मी दिलं नव्हतं, पण माझी सुई माझ्या आधी इथे पोचून बसली होती.

पाटील विचारत होते, बाई, किती भरली. माझं बोट अजून त्या रफूवरच होतं.

महादू माझ्या शेजारी उकिडवा बसला. हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, रातीच वलखलं मी."

"कसं रे?"

"त्या बोलन्याला गावात सगली हसतात. तुमी नाय हसल्या."

मग मी बोलले. सगळं, पाटलांसमोर, सुमनसमोर. नारळ पुढे ठेवला. दादाचं सांगितलं, रिकाम्या काठीचं सांगितलं. मागायचं नाही असं दादाने बजावलं होतं, तरी मागितलंच म्हणा ना. पाटलांनी पान जमवलं, खाल्लं, विचार केला. मग म्हणाले की आता भांडण कुणाचं होतं तेच आठवत नाही. देवी एकच आहे. म्हातारं माणूस वाट बघतंय तर न्या. गाव नाही म्हणणार नाही.

दोनशे वर्षांचं काम एवढ्या सहज झालं. मला वाटलं दादाला एसटीत बसूनच हाक मारावी.

महादू निशाणाची घडी घालायला लागला. आधी लांबीने, मग काठ आत घेऊन, प्रत्येक घडीवर तळहात फिरवत, ठिगळांच्या शिवणी बोटाने सरळ करत. तान्हं मूल दुपट्यात गुंडाळतात तसं. सुमनने माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघून म्हणाली, "त्यांच्या आयच्या हाताचं घरात तेवढंच हाय, मावशी. बाकी सगलं तिच्या सोबत जालून टाकलं, आमची तशी रीत."

आमच्याकडे गेलेल्या माणसाची लुगडी लेकी-बहिणी वाटून घेतात. एकेक घडी उशाला ठेवतात. तिकडे नदीपलीकडे सगळं चितेवर घालतात, मागे धागा ठेवत नाहीत. मी बहीण, मला भागीचं एकही वस्त्र मिळायचं नव्हतं. आणि त्या मुलालाही नाही. हे एक सोडून, कारण हे तिचं नव्हतं, पळसवाडीचं होतं.

महादूने घडी माझ्या हातात दिली. हलकी होती. मी ती मांडीवर ठेवली. बराच वेळ ठेवली. आणि मग त्याच्या हातात परत दिली.

"यंदा शिवलं नाही ना कुणी?" मी विचारलं.

"दोन वर्सं नाय."

पिशवीच्या तळातून खण काढला. सुईत दोरा मला ओवता येईना, चष्मा अजून कालच्या चिखलाचा. सुमनने ओवून दिला. ओवायला हरकत नसते, टोचायला असते. निशाणाच्या शेंड्याला उंदराने कुरतडलं होतं तिथे मी ठिगळ लावलं. टाके वाकडे आले. भागीचे टाके बघितलेत तर मुंगीच्या रांगेसारखे, आणि शेवटी माझे, म्हशीच्या चालीचे. ती असती तर आवाज काढून सगळ्या गावाला करून दाखवलं असतं.

परत

सरांना वही दिली. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "येसूबाई, मूळ कापड तळहातभर. म्हणजे इतिहासाच्या दृष्टीने निशाण उरलेलं नाही. तसंच लिहावं लागेल." मी म्हटलं, वेळुंडचं उरलेलं नाही असं लिहा, ते मी डोळ्यांनी बघितलं. धामणखोऱ्याचं तसं लिहायचं असेल तर माझी वही मला परत द्या. सरांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं, मग लिहिलं, "आहे. दुरुस्ती चालू." चांगला माणूस.

दादाकडे जायला मात्र पाय निघत नव्हते. मोकळे हात त्याला दिसले नसते, पण आवाजावरून कळलं असतं. खाटेजवळ बसले आणि क्रमाने सांगितलं. विहिरीचं पाणी सोडून सगळं. भागी गेली, दोन वर्षं झाली, हेही. दादा हलला नाही. बायका रडतात, पुरुष निदान खोकतात तरी. त्याने तेही केलं नाही. शेवटी कासारणीचं सांगितलं. तो म्हणाला की तू दिलंस तरी मी देऊ दिलं नसतं. मला सोडवायला म्हणाला असेल. पण ते खरं नव्हतं. दादाने त्या ट्रंकेत कधी डोकावूनही पाहिलं नसतं.

मग त्याने विचारलं, "तिचं कापड कुठलं?"

"माझं लुगडं. तू घेतलेलं."

"जांभळं?"

"जांभळं."

एवढंच. मी उठले.

याला आता सहा-सात वर्षं झाली. दर दसऱ्याला मी धामणखोऱ्याला जाते. वाडीतली माणसं नावं ठेवतात, पण बरोबर यायला कुणी नाही, आणि नावं ठेवणाऱ्या पोरींना सुई धरता येत नाही. माझ्यानंतर कोण, हे महादू विचारत नाही आणि मी सांगत नाही. वेळुंडचा पेटारा डोळ्यांसमोर येतो. दादाही गेला. त्याच्या शेवटच्या जत्रेत त्याला खाटेसकट देवळापुढे नेलं होतं. पालखी समोर आली तेव्हा त्याने रिकाम्या काठीला हात लावला, टोकापर्यंत चाचपली, आणि असू दे म्हणाला.

पण भाऊबीजेचं सांगायचं राहिलंच. त्याच सालची, मी परत आल्यावर वीस-एक दिवसांची. दादाला पाटावर बसता येत नव्हतं म्हणून खाटेवरच ओवाळलं. दर वर्षी तो ताटात एक खण टाकायचा. भागी गेल्यापासून एकच. दुसरी बहीण त्याला नव्हती. त्या वर्षीही त्याने खण टाकला. मी ताट मागे घेणार तेवढ्यात तो थांब म्हणाला, उशीखाली हात घातला, चाचपत दुसरा काढला आणि पहिल्यावर ठेवला. जांभळा होता. डोळ्यांनी दिसत नसताना दुकानात कुणाला पाठवून, रंग विचारून विचारून आणवला असेल, देव जाणे.

दुसरा कुणाचा, ते त्याने सांगितलं नाही. आणि मी एवढी बोलणारी बाई, मी विचारलं नाही.